गाडी घ्यायची तर आधी आत बसून बघा: जागा आणि सीट तपासण्याची रीत

चार वर्षांपूर्वी आम्ही मोठी गाडी घेतली. गोव्यातल्या साखळी गावाहून आईला महिन्यातून एकदा बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागे, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, बहीण मुलाबाळांसह येई, शिवाय माझं भजनाचं सामान. माणसं जास्त, मग गाडी मोठी हवी, एवढाच विचार केला. गाडीचं नाव घेत नाही, कारण ती वाईट नव्हती. आमच्या घराला ती जुळली नाही.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली. पहिल्याच दिवशी तिने दारावरची कडी धरली, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि तशीच थांबली. डावा पाय जमिनीवरून उचलेना. मागून आधार द्यायला गेलो तर म्हणाली, "ढकलू नको, पडेन." शेवटी मी घरातून जेवणाचा पाट आणून खाली ठेवला. पुढे दीड वर्ष तो पाट डिकीतच राहिला. मग तोटा सोसून ती गाडी विकली आणि लांबीने जवळजवळ एक मीटर लहान, पण बसायला सोपी गाडी आणली.

त्यानंतर मेहुण्यासाठी, शेजाऱ्यांसाठी, भजनातल्या दोघांसाठी शोरूम फिरलो. हळूहळू एक रीत बसली. पहिली गाडी घेणाऱ्याने किंवा छोटीवरून मोठीवर, मोठीवरून छोटीवर जाणाऱ्याने ती वापरून बघावी.

१. आधी माणसांची यादी करा, मग गाड्यांची

एका कागदावर लिहा: रोज कोण बसणार, आठवड्यातून एकदा कोण, वर्षातून दोनदा कोण. प्रत्येकापुढे उंची आणि अडचण लिहा. गुडघे, कंबर, गाडी लागणं, तान्हं मूल, जे असेल ते.

आमच्या कागदावर रोजची माणसं दोन निघाली, आठवड्याला चार, आणि सात माणसं फक्त चवथीत. वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी आम्ही बाकीचे सगळे दिवस सात सीट ओढत होतो. त्या चार दिवसांपुरती भाड्याची मोठी गाडी घेता येते, हे तेव्हा सुचलं नाही. ज्यांच्या घरात रोजच सहाजण निघतात त्यांचा हिशेब अर्थातच वेगळा.

२. सोबत काय न्यायचं

- मोजपट्टी, तीन मीटरची पुरते
- वही-पेन
- घरातला सर्वांत उंच माणूस आणि सर्वांत त्रास असलेला माणूस, दोघेही प्रत्यक्ष
- मुलाची सीट असेल तर तीच
- डिकीत नेहमी जाणारी सर्वांत अडचणीची वस्तू: व्हीलचेअर, वॉकर, मोठी बॅग. मी भजनाच्या पेटीचा (हार्मोनियमचा) खोका नेतो
- टेस्ट ड्राइव्हसाठी मूळ ड्रायव्हिंग लायसन्स. आधार आणि पॅन कार्ड बुकिंगच्या वेळी लागतं, बघायला जाताना नाही
- जुनी गाडी बघत असाल तर आरसी, विमा आणि पीयूसी तिथेच बघून घ्या

शनिवार-रविवारी जाऊ नका. शोरूममध्ये गर्दी असते आणि कोणी तुम्हाला मागच्या सीटवर वीस मिनिटं बसू देत नाही. मंगळवार-बुधवारी सकाळी जा.

३. कागदावरचे आकडे कसे वाचायचे

आपल्याकडे छोटी गाडी कोणती हे कर ठरवतो. लांबी ४ मीटरपर्यंत, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणून इतक्या गाड्या ३९९० किंवा ३९९५ मिमीवर येऊन थांबतात. हे माप बाहेरचं आहे, आत किती जागा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत मोटारींचे वर्ग आतल्या जागेवरून पाडतात, माणसांची आणि सामानाची जागा घनफुटांत मोजून. आपल्याला ते काम स्वतः करावं लागतं.

ब्रोशरमध्ये पहिल्यांदा व्हीलबेस शोधा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं ते अंतर. माणसं बहुतेक त्याच टप्प्यात बसतात. आता ही जोडी बघा. ह्युंदाई क्रेटा ४३३० मिमी लांब, व्हीलबेस २६१०. रेनॉ ट्रायबर चार मीटरच्या आत, व्हीलबेस २६३६. म्हणजे फूटभर आखूड गाडीचा व्हीलबेस जास्त. तसंच आय-२० आणि नेक्सॉन दोन्ही ३९९५ मिमी, पण आय-२० चा व्हीलबेस २५८० आणि उंच, दणकट दिसणाऱ्या नेक्सॉनचा २४९८. रस्त्यात शेजारी उभ्या केल्या तर कोणीही नेक्सॉनच मोठी म्हणेल.

मात्र व्हीलबेसवरच निकाल लावू नका. ट्रायबर तेवढ्या लांबीत तीन रांगा बसवते, क्रेटा दोन.

गाडीचा सांगाडा कसा बांधलाय, यानेही जागा बदलते. इनोव्हा क्रिस्टा जाड लोखंडी चासीवर, म्हणजे खालच्या वेगळ्या चौकटीवर, बांधलेली आहे आणि तिची मागची चाकं ओढतात. इनोव्हा हायक्रॉसला ती वेगळी चासी नाही, पुढची चाकं ओढतात. लांबीत दोघींत फक्त २० मिमीचा फरक, ४७३५ आणि ४७५५, पण व्हीलबेस २७५० वरून २८५० वर गेला. चासीच्या गाडीत आतली जमीन चासीच्या वर येते, म्हणून चढायला उंच आणि आत पाय आखडलेले. आमच्या पहिल्या गाडीचं दुखणं तेच होतं. छोट्या गाडीत जागा काढण्याची युक्ती जुनी आहे. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी या गाडीत इंजिन आडवं बसवलं आणि दहा फुटांच्या गाडीतली सुमारे ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला दिली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन तसंच आडवं असतं.

४. चढणं-उतरणं: हे सर्वांत आधी, सीटवर टेकण्याच्याही आधी

त्रास असलेल्या माणसाला गाडीकडे पाठ करून, दार उघडं ठेवून सीटच्या कडेला टेकून उभं करा. सीटची कड शरीराला कुठे लागते ते बघा.

गुडघ्याच्या खाली किंवा बरोबर गुडघ्याला लागली तर बसताना शरीर खाली सोडावं लागेल आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येईल. बुटक्या सेडानमध्ये हे होतं. कड कमरेपर्यंत आली तर चढावं लागेल. मांडीच्या वरच्या अर्ध्या भागात कुठेतरी लागली की माणूस नुसता मागे टेकतो, मग पाय आत घेऊन वळतो. असं बसता आलं पाहिजे. आमच्या आईला हे वॅगन-आरसारख्या उभट गाडीत जमलं. वॅगन-आर ३६५५ मिमी लांब आणि १६७५ मिमी उंच आहे, स्विफ्ट तिच्याहून लांब पण १५२० मिमी उंच. आईने टेकून बघितलं, पाय आत घेतले, पुन्हा बाहेर काढले, पुन्हा आत. तिसऱ्या वेळी माझा हात बाजूला सारला.

दाराखालचा उंबरा किती रुंद आहे तेही मोजा. रुंद असेल तर पाय लांब टाकावा लागतो, आणि पावसात साडीचा काठ त्याच्या चिखलाला पुसतो. दार किती उघडतं ते बघा. टाटा पंच आणि अल्ट्रोझची दारं ९० अंशांत उघडतात, बसायला-उठायला त्याचा मोठा उपयोग. पण गाडी चिऱ्याच्या गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला) लागून उभी करावी लागत असेल, तर घरच्या जागेत दार किती उघडेल ते आधी मोजून या. वाड्यावरच्या वाटेची रुंदी पण मोजा, आणि ब्रोशरमधली गाडीची रुंदी आरसे सोडून असते हे लक्षात ठेवा.

५. चालकाची सीट

हे थोडक्यात, कारण इथे लोक स्वतःच नीट बघतात. सीट वर-खाली होते का, स्टिअरिंग वर-खाली होतं का, आणि डावा पाय मोकळा ठेवायला क्लचच्या बाजूला जागा आहे का. छोट्या गाड्यांत बऱ्याचदा ती नसते आणि चोर्ला घाट उतरेपर्यंत पिंढरी भरून येते. डोक्याची गादी किमान कानाच्या वरपर्यंत यावी. सनरूफ असेल तर छत खाली येतं, उंच माणसाने ती असलेल्या गाडीतच बसून बघावं.

६. मागची सीट: घाई करायची नाही

पहिला सापळा शोरूममध्येच मांडलेला असतो. उभ्या गाडीची पुढची सीट बहुतेक वेळा पार पुढे सरकवलेली असते. मागचं दार उघडलं की मोकळीच मोकळी जागा दिसते. म्हणून आधी पुढे बसा, आपण चालवताना बसतो तशी सीट लावा, मग उतरून त्याच सीटच्या मागे बसा. आता गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांत किती अंतर राहिलं? दोन मुठी राहिल्या तर उत्तम. एक मूठ चालेल. तळहात आडवा जात नसेल तर त्या गाडीत मागे मोठ्या माणसाने लांबचा प्रवास करू नये.

दुसरा सापळा दिसत नाही. गुडघ्यापुढची जागा जास्त दाखवायला काही छोट्या गाड्यांत सीटची बैठकच आखूड केलेली असते. पाठ पूर्ण टेकवून बसा आणि गुडघ्यामागची खोबण आणि सीटची कड यांत बोटं घाला. दोन-तीन बोटं मावली तर मांडीला आधार चांगला. अख्खा तळहात उभा मावला तर मांडी अधांतरी आहे. पहिल्या पाच मिनिटांत ते कळत नाही, फोंड्यापर्यंत जाताना कळतं.

तिसरी गोष्ट पायांखालच्या जमिनीची. पाय टेकलेले असताना गुडघे कमरेच्या वर येत असतील, तर जमीन उंच आहे किंवा सीट खाली आहे. चासीच्या गाड्यांत हे होतं. पेट्रोलच्या गाडीतच बॅटरी बसवून केलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांतही होतं, कारण बॅटरी जमिनीखाली असते. अशा वेळी सगळा भार ढुंगणावर आणि माकडहाडावर येतो. कंबरदुखी असलेल्याने इथेच नाही म्हणावं. पुढच्या सीटखाली पाऊल सरकतं का, तेही बघा. ते सरकलं की पाय लांब करता येतो आणि छोटी गाडी मोठी वाटायला लागते.

पाठीचा कोन बघा. डिकी मोठी दाखवायला पाठ ताठ ठेवलेली असते. ताठ पाठीवर डुलकी लागली की मान पुढे पडते.

गादी मऊ लागली की लोक खूश होतात. माझा अनुभव उलटा आहे. पहिल्या मिनिटाला मऊ वाटणारी गादी तासाभराने खाली बसते आणि खालची पट्टी टोचायला लागते. जरा घट्ट गादीच चांगली, पण ती ओळखायला वीस मिनिटं बसावं लागतं. मी घड्याळ लावून बसतो. एका शोरूममध्ये मुलगा तीनदा चहा विचारून गेला. चहा घेतला, तिथेच बसून.

तिघं बसणार असतील तर तिघांनाच बसवा. मोठ्या माणसाच्या खांद्यांना साधारण ४५ सेंमी लागतात, म्हणजे तिघांना १३५. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत खांद्याच्या उंचीवर पट्टी धरा. बाहेरची रुंदी यासाठी कामाची नाही, जाड दारं बरीच जागा खातात. मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा किती, त्याच्या पाठीमागे घडीचा हातटेका कडक लागतो का, त्याला स्वतःचा तीन टोकांचा पट्टा आणि डोक्याची गादी आहे का, हे त्यालाच विचारा. मागच्या सीटवरही पट्टा लावणं बंधनकारक आहे, नाहीतर १००० रुपये दंड. १४ वर्षांखालच्या मुलांना पट्ट्यात किंवा मुलांच्या सीटमध्ये बसवणं ही चालकाची जबाबदारी. एका पट्ट्यात दोन मुलं कधीच बसवू नका.

आणि मागच्या एसीच्या झडपा. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गाडी उन्हातून काढली की पुढच्यांना पाच मिनिटांत गार होतं, मागे बसलेली माणसं पर्वरीपर्यंत वारा घेत असतात. छोट्या गाड्यांत या झडपा एकाच मॉडेलच्या सगळ्या प्रकारांत (व्हेरिएंटमध्ये) मिळत नाहीत.

७. तिसरी रांग घेणार असाल तर

तिथे घरातलं कोण बसणार ते नावानिशी ठरवा आणि त्यालाच बसवून बघा. दुसरी रांग पुढे सरकवून मागच्याला जागा दिली, तर दुसऱ्या रांगेतल्यांना किती उरते तेही त्याच वेळी मोजा. एकेक रांग वेगळी बघितली की सगळ्या छान वाटतात.

तिसऱ्या रांगेतला माणूस मागच्या चाकांच्या वर किंवा मागे बसतो, त्यामुळे खड्ड्याचा धक्का त्याला सर्वांत जोरात. समोरचा रस्ता दिसत नाही, खिडकी लहान, म्हणून गाडी लागणारा माणूस तिथे बसवू नये. माझी भाची अनमोड घाटात दोन वेळा उतरली आणि मग तिने पुढे बसायचा हट्ट धरला. तो बरोबर होता.

तिन्ही रांगा भरल्या की सामानाला काय उरतं, हा आकडा मागून घ्या. अर्टिगात २०९ लिटर, ट्रायबरमध्ये ८४ लिटर. ८४ लिटरमध्ये दोन-तीन पिशव्या जातात. ट्रायबरची तिसरी रांग काढून ठेवता येते, मग ६२५ लिटर मिळतात, म्हणजे पाच माणसं आणि भरपूर सामान. सात माणसं आणि सात बॅगा हे चार मीटरमध्ये होत नाही.

८. डिकी

लिटरचा आकडा आकार सांगत नाही. होंडा सिटीची डिकी ५०६ लिटर, पण तोंड आखूड. वॅगन-आरची ३४१ लिटर, पण तोंड मोठं आणि उभी वस्तू उभीच जाते. माझा पेटीचा खोका सेडानमध्ये आडवा करावा लागला, वॅगन-आरमध्ये सरळ सरकला आणि शेजारी पखवाज राहिला. गणपतीची मूर्ती चित्रशाळेतून आणायची असेल तर पाटासकट तिची उंची मोजून घ्या आणि ती गाडीत कुठे बसेल ते आधी बघा. आम्ही ती मागच्या सीटवर माणसाच्या मांडीवरून आणतो, म्हणून छताची उंची माझ्या यादीत असतेच.

डिकीचा काठ किती उंच आहे तेही बघा. भरलेली बॅग गुडघ्याच्या वर उचलून आत टाकायची असेल तर कंबर बोलेल. सीएनजीची गाडी घेत असाल तर सिलिंडर बसवलेली डिकीच बघा, पेट्रोलच्या डिकीचा आकडा विसरा.

९. चालवताना, आणि एक दिवस भाड्याने

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुधा गुळगुळीत हमरस्त्यावर होते. तुम्ही आतल्या रस्त्याने न्या: एक गतिरोधक, एक खड्ड्यांचा पट्टा, एक अरुंद वळण. आणि एकदा स्वतः चालवा, एकदा मागे बसा. बहुतेक लोक मागे बसून बघतच नाहीत.

वळायला किती जागा लागते ते घरच्या वाटेवर बघा. वॅगन-आर ४.७ मीटर त्रिज्येत वळते, अर्टिगा ५.२, इनोव्हा क्रिस्टा ५.४. जुन्या वाड्यांच्या कोपऱ्यावर या फरकामुळे एकदा जास्त मागे-पुढे करावं लागतं. चोडण किंवा दिवाडीला जाणारे असाल तर फेरीबोटीवर चढताना ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार तीव्र असतो, पुढून लांब आणि खाली झुकलेली गाडी तिथे घासते. जुन्या फेरीबोटींवर गाड्या इतक्या जवळ लागतात की दार जेमतेम उघडतं.

सर्वांत चांगली परीक्षा भाड्याची. गोव्यात स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्या सहज मिळतात. नोंदणी केलेल्या अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा प्रश्न येतो. हवं ते मॉडेल एका दिवसासाठी घ्या, सगळ्या घराला घेऊन केरीवरून चोर्ला घाट चढा आणि उतरा. पर्यटकांमुळे थार इथे पावलोपावली मिळते, आणि चार दिवस चालवून तीच घ्यायची असं मनात येतं. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट दुमडून आत शिरावं लागतं. घरी वयस्क माणूस असेल तर त्यालाच एकदा शिरून बघू दे.

१०. सीटचं कापड

चामड्यासारखं दिसणारं आवरण उन्हात तापतं आणि घामाने पाठीला चिकटतं, पण भिजलेल्या माणसाने बसलं तर पुसलं की झालं. कापड गार राहतं, पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात ओल धरतं आणि गाडी बंद ठेवली की बुरशी येते. मी कापड घेतलं, गडद राखाडी. जून ते सप्टेंबर वर सुती आवरण असतं, दर आठवड्याला धुतो. फिकट बदामी रंग शोरूमच्या दिव्यांत सुंदर दिसतो, जांभ्याच्या लाल मातीपुढे तो टिकत नाही.

११. बुकिंग आणि डिलिव्हरी

तुम्ही बसून बघितलेली गाडी बहुधा सर्वांत वरच्या प्रकारची असते आणि बुकिंग मधल्या प्रकाराचं होतं. सीट वर-खाली करायची सोय, मागच्या झडपा, मागच्या डोक्याच्या हलणाऱ्या गाद्या, अर्धी-अर्धी दुमडणारी मागची सीट, या चार गोष्टी तुम्ही घेत असलेल्या प्रकारात आहेत का, हे ब्रोशरवर खूण करून, विक्रेत्याची सही घेऊन ठेवा. आमच्या भजनातल्या एकाच्या गाडीत मागच्या झडपा आल्याच नाहीत, आणि तोंडी बोलण्याला कोणी दाद दिली नाही.

डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळ होण्याआधी मागच्या दोन्ही दारांतून एकदा बसून घ्या, सगळे पट्टे ओढून लावून बघा, सीट दुमडून पुन्हा उभी करा, डिकीत तीच वस्तू ठेवून झाकण लावा. हे सगळं पंधरा मिनिटांचं काम. सही त्यानंतर.